राणीचं मौन

खुर्च्या अकरा होत्या आणि माणसं तेरा. जास्तीची दोन भिंतीला टेकून उभी होती. एक तेजश्री, दुसरा बिरू. टेबलावर 'सप्तसेतू' कादंबरीचे सात खंड होते, सातही खाकी कव्हरात. भिंतीवर ऑइलपेंटनं एकच वाक्य रंगवलं होतं: 'राणीनं पाण्याकडे पाहिलं आणि सकाळ झाली होती.'

"टीव्हीवर मालिका लागली आणि आले सगळे वाचक होऊन," अध्यक्ष बापूसाहेब म्हणाले. "आम्ही नऊ वर्षं वाचतोय. तेव्हा या तालुक्यात कुणाला नाव माहीत नव्हतं."

"रविवारवाले," शेजारच्या खुर्चीतले कुंडलिकराव म्हणाले आणि बाकीचे हसले. मालिका रविवारी लागायची.

तेजश्री खाली मान घालून ऐकत राहिली. तिला सातवा खंड हवा होता, बाकी काही नको होतं. माळेगावच्या कारखान्यात ती उसाचा रस तपासायची, आणि गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी बुडालेल्या नगरीत आणि बोलणाऱ्या कावळ्यांत राहायची. सहावा खंड संपला तेव्हा राजकन्या जळत्या पुलाच्या मधोमध उभी होती. तिथून पुढं काय, ते सातव्यात. सातव्याच्या छापील प्रती संपलेल्या. इंदापूरच्या स्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडे ती तो मागत होती, तेव्हा शेजारी उभा असलेला मुलगा म्हणाला, "मला बी तोच पायजे." तो कळसचा बिरू. सातवा खंड बारामतीच्या या वाचक मंडळात आहे, पण सभासदालाच मिळतो, हे त्यालाच कळलं होतं.

सभासद व्हायला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. त्याआधी मौन. सगळे उठले, माना खाली घालून दोन मिनिटं उभे राहिले. कुणाच्या स्मरणार्थ, ते तेजश्रीला कळेना.

"आता प्रश्न," बापूसाहेब म्हणाले. "खंड चौथा. पुलावर सेनापती राणीला विचारतो, 'आग कुणी लावली?' राणी पाण्याकडे बघते आणि एकदम सकाळ होते. राणी गप्प का राहिली?"

"त्या 'आणि'मध्ये अख्खी रात्र आहे," कुंडलिकराव डोळे मिटून म्हणाले. त्यांनी यावर निबंध लिहिला होता, 'मौनाची सात रूपं'. तो मंडळात तीनदा वाचून झाला होता.

बिरूनं तेजश्रीकडे पाहिलं. मग बापूसाहेबांकडे.

"राणी गप कुठं बसली?" तो म्हणाला. "चांगली बोलती की. आईला वाचून दाखवलं तर आई म्हणाली, ही बाई लई बोलती."

अकरा माणसं पोट धरून हसली.

"टीव्हीवरची बोलली असेल!"

"मधे साबणाची जाहिरात पण केली असेल तिनं!"

तेजश्रीचे कान तापले. बिरूचा चौथा खंड तिनंही वाचला होता. इंदापूरच्या रद्दीत मिळालेला, कव्हर नसलेला. राणीचं बोलणं तिला जवळजवळ पाठ होतं.

"तुमचा चौथा खंड बघू का?" तिनं विचारलं.

बापूसाहेबांनी तिला आणि बिरूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हात धुतलेत का?"

ती बाहेर गेली. नळाखाली हात धुतले, ओढणीला पुसले आणि परत आली. खंड उघडून तिनं ते पान काढलं. डाव्या पानाचा शेवट: 'राणीनं पाण्याकडे पाहिलं आणि'. उजव्या पानाची सुरुवात: 'सकाळ झाली होती.' मग तिनं दोन्ही पानांच्या तळाशी बोट ठेवलं आणि आकडे मोठ्यानं वाचले.

"एकशे शहात्तर. एकशे त्र्याण्णव."

अकरा माना पुस्तकाकडे वळल्या.

"मधली सोळा पानं बांधायची राहिलीत," ती म्हणाली. "बिरूच्या प्रतीत आहेत."

"त्यातच सांगतीय राणी," बिरू म्हणाला. "आग लावली ती—"

"पुरे!" बापूसाहेब ओरडले. खंड त्यांनी तिच्या हातातून काढून घेतला. भिंतीवरच्या वाक्याकडे बघितलं, मग कुंडलिकरावांकडे. कुंडलिकराव बुटाच्या नाड्या बांधत होते. त्यांच्या पायात चपला होत्या.

"माझा चौथा घ्या," बिरू म्हणाला. "तुमचा सातवा द्या. हितंच बसून वाचतो, न्हाय तर परत आणून देतो."

"चौथा आम्ही वाचलाय," बापूसाहेब म्हणाले. "आणि मंडळ नियमावर चालतं. यांनी उत्तर चुकवलंय. यांना प्रवेश देऊ नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

अकरा हात वर गेले.

पुढच्या रविवारी तेजश्री कळसला गेली. सातवा नाही तर नाही, चौथा तरी पुन्हा वाचू, असं बिरू मंडळातून निघताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता. त्याच्या आईनं, सारजाबाईंनी, ओसरीवर घोंगडी अंथरली. बिरूनं पुस्तक उघडलं, तोच कुंडलिकराव फाटकातून आत आले. म्हैस बघायला आलो होतो, म्हणाले. त्यांच्यामागून दोघं जण आले. त्यांचे इथं पाहुणे होते म्हणे. मग एक जण पत्ता विचारत आला आणि पत्ता न ऐकताच बसला. मग एका जीपमधून सहा जण उतरले. त्यांनी कारणच सांगितलं नाही.

"वाचू का?" बिरूनं विचारलं.

"थांबा जरा," कुंडलिकराव फाटकाकडे बघत म्हणाले.

बापूसाहेब सगळ्यांत शेवटी आले. काखेत सातवा खंड होता. कुणाकडे न बघता त्यांनी तो तेजश्रीच्या मांडीवर ठेवला आणि बिरूच्या चौथ्या खंडाकडे हात पुढं केला.

"हात धुतलं का, तात्या?" सारजाबाईंनी विचारलं.

बापूसाहेब मुकाट्यानं रांजणाकडे गेले. तेजश्रीनं ओसरीवरची मंडळाची माणसं मोजली. दहा. रांजणापाशी एक.