मिनिटभराची शांतता

“कुणी हलायचं नाही,” असं बजावून अबोलीनं रेकॉर्डर चालू केला. शूटिंग आटोपलं की त्या खोलीची मिनिटभर शांतता रेकॉर्ड करायची, हा फिल्म कॉलेजातला शिरस्ता. तिच्यासकट सहाही जण पुतळ्यासारखे उभे राहिले.

ओगले सर नंतर आले आणि हेडफोन लावून ऐकत बसले. नुसत्या श्वासांवरून माणसं मोजण्यात त्यांचा हातखंडा.

“सात जण होतात ना?”

“सहाच, सर.”

“मग माइकला खेटून कोण उभं होतं?”

“माइक माझ्याच हातात होता. मीच असेन.”

“तुला धरूनच सात भरतात गं.”

कुजबुज सुरू झाली. सरांनी माइक आतच ठेवला, सगळ्यांना व्हरांड्यात काढलं आणि वायर दाराखालून ओढून घेऊन पुन्हा मिनिटभर ऐकलं. त्यांचा चेहरा खुलला. “आत चिटपाखरू नाही. उगाच घाबरवलं तुम्हाला.”

हायसं वाटून पोरं चहाला पळाली, सरही त्यांच्यामागे गेले. अबोलीचा पाय मात्र उचलेना. आत कुणी नव्हतं, म्हणजे ते त्यांच्याबरोबर बाहेर आलं होतं.

तिनं श्वास रोखून धरला. कानाशी श्वास चालूच राहिला.