धनजला गेलेला डबा

चाचणीसाठी एरियलच्या जागी जोडलेला शंभर वॅटचा बल्ब लख्ख पेटला आणि फुलचंद हसला. कारंजातल्या आपल्या रेडिओच्या दुकानात त्याने सेटचा आवाज दूरवर पोचवणारे, स्वस्तातले दोन परदेशी ॲम्प्लिफायर आणले होते. त्यातला हा एक डबा लिलाबाईंच्या घरी टेबलावर होता.

"पाहा मास्तर, खोक्यावर शंभर लिवले, तर शंभरच भरले."

जगदेव मास्तर पुढे वाकले. ते मीटरचा काटा पाहत होते. लिलाबाई मास्तरांचा चेहरा पाहत होत्या. शेलूबाजारच्या शाळेत शिकवणाऱ्या लिलाबाईंनी त्यांच्याच हाताखाली शिकून हौशी रेडिओचा परवाना मिळवला, त्याला वर्ष झालं होतं. वर्षभर रोज सकाळी त्या घरी जोडलेल्या दहा वॅटच्या सेटवरून आसपासच्या गावांतल्या मंडळींना हाका मारत. त्यांना सगळे ऐकू येत. त्या कुणालाच ऐकू येत नसत. मास्तर ठीक आहे म्हणाले, की डबा लिलाबाईंचा.

तेवढ्यात लाईट गेली. बल्ब विझला, पंखा थांबला.

फुलचंदने प्लग काढून टेबलावर ठेवला आणि झाकणाचे स्क्रू सोडले. लाईट येईपर्यंत आतला माल तरी पाहून घ्या, असं त्याचं म्हणणं. सगळं गाव असंच करायचं. लाईट गेली की वायर जोडायची, होल्डर बदलायचा, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडायचा. लाईट नाही, तर झटका कसला?

आतला एक काचेचा वाल्व जरा तिरपा बसला होता. तो सरळ करायला लिलाबाईंनी हात पुढे केला.

त्याच वेळी मास्तरांना मोठ्या कंडेन्सरशेजारची दोन रिकामी भोकं दिसली. आता ओरडलं, तर हात दचकून आतच जाईल.

"लिला," ते वर्गात बोलावं तसं म्हणाले, "तो मोठा पेचकस दे बरं मले."

हात मागे आला. मास्तरांनी पेचकसाची लाकडी मूठ धरली, डावा हात पाठीमागे नेला आणि टोक कंडेन्सरला आणि पत्र्याला एकदम टेकवलं.

बंदुकीसारखा बार झाला. निळी ठिणगी उडाली. पेचकसाच्या टोकाला खळगा पडला होता.

प्लग फुलचंदच्या पुढ्यात तसाच पडलेला होता.

"बंद केल्यावर कंडेन्सरात साठून राह्यलेली वीज उतरवाले एक रेझिस्टर लागते," मास्तर म्हणाले. "त्याची भोकं पाडली, पण तो लावलाच नाही. डबा कायच्यानं स्वस्त झाला, समजलं?" मग त्यांनी फुलचंदकडे पाहिलं. "दुसरा डबा कुठी हाये?"

"धनजच्या भाऊसिंगले देला. परवा."

लाईट आली. पंखा फिरू लागला, लिलाबाईंनी एरियल परत आपल्या सेटला लावली, सेट तापला आणि त्यातून भाऊसिंगचाच आवाज आला, खोली भरून टाकणारा. त्याने नवा डबा लावला होता. कसा ऐकू येतो ते कोणीतरी सांगा, म्हणत होता. डबा घरघरतो आहे. दहा मिनिटं उत्तराची वाट पाहतो, मग प्लग काढून आत काय आहे ते बघतो.

लिलाबाईंनी माइक ओढला. तीनदा हाक मारली. भाऊसिंग आपला पुन्हा तेच विचारत होता, हाये काय कोणी. फुलचंदने मोटरसायकलची किल्ली काढली आणि तशीच हातात धरून उभा राहिला. धनज तासाभराच्याही पलीकडे होतं आणि भाऊसिंगच्या घरी फोन नव्हता.

लिलाबाईंनी टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"जोड," मास्तर म्हणाले. "पण आधी झाकण. चारही स्क्रू."

"मास्तर, टाइम नाही."

"चारही."

तिसरा स्क्रू बोटांतून निसटला. फुलचंद गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागला. स्क्रू सापडला, बसला. बल्ब निघाला, एरियल लागली. डबा सुरू केला, तरी वाल्व तापायला पूर्ण मिनिट जाणार होतं. तिघंही मीटरकडे बघत राहिली.

"कोणी नाही वाटते," भाऊसिंग सेटमधून म्हणाला. "चाला, खोलतो."

दहा मिनिटं झाली नव्हती. सेटमध्ये नुसती खरखर राहिली.

काटा हलला. लिलाबाईंनी बटण दाबलं.

"भाऊसिंगभाऊ, डब्यात हात घालू नका. प्लग काढला असन तरी घालू नका. आत वीज हाये. ऐकू येते काय?"

खरखर.

त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, तितक्याच सावकाश. पुन्हा खरखर. मास्तरांनी डोळे मिटले होते.

मग खूप खालून, डब्याशिवायचा, बारीक झालेला आवाज आला.

"थांबलो. पेचकस खाली ठेवला." लगेच त्याने विचारलं, "पण हे बोलून कोण राह्यलं? आपल्यात बाई कधीपासून हाये?"