मागीलदार

कुवेतमधल्या आमच्या फहाहीलच्या खोलीत सगळे कोकणातले सुतार राहायचे. व्हीसीआरचे दिवस होते. मला तेव्हा लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून माझी बायको शेवंती पत्राऐवजी व्हिडिओ कॅसेट पाठवायची. ती माजघरात बसून बोलायची आणि तिच्यामागे मागीलदार बंद दिसायचं.

तिची शेवटची कॅसेट मी दर शुक्रवारी लावायचो. एका शुक्रवारी ते दार किलकिलं दिसलं. पुढच्या शुक्रवारी फटीतून पुरुषाचं पाऊल आत आलं होतं.

"टेप झिजली तुझी," खोलीतला पुंडलिक हसला. "बायकोला किती बघशील, मेल्या?"

मी घाबरून फोन केला. शेवंती म्हणाली, "अहो, दाराला कडी असते. घरात मी एकटीच तर आहे."

मी कॅसेट लावणं सोडलं. पुढे सीडी आल्या, दुकानांतून कॅसेटी गेल्या. आमचा व्हीसीआर बिघडला, तो दुरुस्तीला कोणी घेईना, तेव्हा मला बरंच वाटलं.

पण पुंडलिकने मला न विचारता त्या कॅसेटची सीडी करून आणली. "घे, आता झिजायची नाही," म्हणत त्याने ती लावली.

माजघरात एक माणूस पाठमोरा उभा राहून मागीलदाराला आतून कडी घालत होता. त्याच्या अंगात कंपनीचा निळा डगला होता. खांद्यावर मीच घातलेलं ठिगळ होतं. तोच डगला आत्ता माझ्या अंगात होता.

पुंडलिक माझ्यापासून दूर सरकला.

शेवंती बोलता बोलता थांबली, मागे वळली आणि खुलली.

"अहो, आलात?"

"मी नाही तो!" मी पडद्यावर हात आपटत ओरडलो. ती उठून त्याच्याकडे चालू लागली, आणि तो माणूस हळूहळू वळला.