तीनदा हटकलं

"सायेब, ह्याला नीट ऐकाया येत न्हाई. मागं तुमीच दोनदा परत धाडला हुता," भरतीच्या तंबूत शिरून सारजा डॉक्टरांना म्हणाली. रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. तिच्या लेकानं, हैबतीनं, मान खाली घातली.

डॉक्टरांनी वरही पाहिलं नाही. "बाई, तेव्हा लढाई नव्हती. आता माणसं पुरत नाहीत. तोफांपुढं सगळेच बहिरे होतात." त्यांनी हैबतीला पास केलं. आईनं चारचौघांत लाज काढली, म्हणून तो तिच्या पायाही न पडता ट्रकमध्ये चढला.

लढाई संपल्यावर त्याच्या पलटणीतला एक जवान सारजाच्या दारी आला आणि उंबऱ्याबाहेरच बसला. पाणीही घेईना.

"मी पहाऱ्यावर होतो, मावशी. धुक्यातून कुणीतरी येत होतं. तीनदा हटकलं. उत्तर आलं नाही, म्हणून गोळी झाडली. जवळ जाऊन बघतो, तर हैबती." तो ओक्साबोक्शी रडू लागला. "ऐकू येत नाही हे त्यानं कुणालाच कळू दिलं नव्हतं. आधी कुणी सांगितलं असतं तर..."

सारजाचा हात त्याच्या डोक्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

"म्या सांगितलं हुतं रं," ती म्हणाली.