हौशीरामभाऊंची मोटर

“तारेचे आटे मोजलेस का?” सोमनाथनं फोनवर विचारलं.

“मोजले. चाळीस झाले.”

“बेचाळीस पायजेत. दोन कमी पडले तर मोटर चार दिसांत पुन्हा जळंल.”

पलीकडनं त्याची बायको अंजना म्हणाली, “बरं. दोन वाढवते.”

सोमनाथ उशीला टेकला. एवढ्या बोलण्यानंही त्याला धाप लागली होती. पुण्यातल्या इस्पितळाच्या त्या वेगळ्या वॉर्डात घरच्या माणसांना यायची बंदी होती. २००९ चा ऑगस्ट चालू होता. स्वाइन फ्लूच्या धास्तीनं शाळा बंद होत्या आणि खिडकीखालच्या रस्त्यावरनं माणसं नाकाला रुमाल बांधून चालत होती.

घोडेगावात स्टँडच्या मागं सोमनाथचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती त्याच्याकडं आणायचे. तो जळकी तार उपसून नवी भरून द्यायचा. त्या साली पावसानं पाठ फिरवलेली, विहिरी तळाला गेलेल्या, त्यात विजेचा दाब कमी. मोटारींवर मोटारी जळत होत्या. नेमका ऐन धंद्यात तो तापानं फणफणला, आणि शुद्ध नसतानाच त्याला गाडीत घालून पुण्याला आणलं.

पहिले पाच दिवस त्यानं भिंतीकडं तोंड केलं होतं. ताट तसंच परत जायचं. “तुम्हीच मनावर घेतलं नाही तर औषध तरी काय करणार?” सिस्टर म्हणायच्या. शेवटी त्यांनीच घरी फोन लावून अंजनाला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला अंजनाचा फोन आला. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. पण ती म्हणाली, “अहो, हौशीरामभाऊंची मोटर आलीया. पाच हॉर्सची. परत पाठवू का?”

“परत?” सोमनाथ कोपरावर उठला. “अगं, त्यांची टोमॅटोची बाग उभी हाय. खोल ती.”

“मला जमतंय व्हय?”

“अकरा वर्षं शेजारी बसून खाचांत घालायचे कागद कापतीस ना? मी सांगतो तसं कर.”

तेव्हापासून रोज चारला फोन वाजायचा. हौशीरामभाऊंची झाली, मग कोंडाबाईंची आली, मग गेणभाऊंच्या दोन. अंजनाचं कुठं ना कुठं अडलेलंच असायचं. तार कुठल्या खाचेतून घ्यायची, जोड कुठं द्यायचा, वार्निश किती वेळ वाळू द्यायचं. सोमनाथ औषधाच्या खोक्यावर आकृत्या काढून ठेवायचा, म्हणजे सांगताना चूक नको. बोलायला दम पुरावा म्हणून तो जेवायला लागला. आधी अर्धी भाकरी, मग एक.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. इतकं सलग ती दोघं कधी बोलली नव्हती. दुकानात तिनं कागद पुढं करायचा, त्यानं घ्यायचा, शब्दाचं काम पडायचं नाही. आता फिनेलच्या वासात पडल्यापडल्या त्याला वार्निशचा वास आठवायचा, आणि कागद कापताना वाजणाऱ्या तिच्या बांगड्या. तुझी लई आठवण येते, असं ओठांवर यायचं.

“तार बावीस गेजचीच घे,” तो म्हणायचा.

“बावीसचीच घेतलीया.”

मग दोघंही गप्प. फोन मात्र कुणी ठेवायचं नाही.

एकदा मागं कोंबड्या कलकलताना ऐकू आल्या. “दुकानात कोंबड्या?” त्यानं विचारलं.

“बाजार हाय न्हवं. गिऱ्हाइकाच्या हायती.”

एकदा तिनं चालू मोटारीजवळ फोन धरला. घरघर ऐकून तो म्हणाला, “आवाज जड लागतोय गं.”

“फोनवर तसाच येतो.”

बाराव्या दिवशी ताप पुन्हा चढला. चारला फोन वाजला, त्यानं उचलला नाही. पुन्हा वाजला. पाचव्यांदा सिस्टरनी त्याच्या कानाशी धरला.

“अहो, गेणभाऊंची मोटर फिरंना,” अंजनाचा आवाज कापत होता. “लोक पाण्यासाठी खोळंबल्यात. तुमच्याबिगर न्हाई व्हायचं हे.”

सोमनाथनं डोळे उघडले. “जोड... सोडून बघ,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “एकेक... सोडत जा. मी थांबतो.”

तो थांबला. तास गेला, ताप तसाच होता, पण तो फोन धरून होता.

एकोणिसाव्या दिवशी त्याला सोडलं. भरती करताना उतरवलेले कपडे धुऊन, गाठोडं बांधून ठेवले होते. पँट इतकी ढगळ झाली होती की सुतळीनं आवळावी लागली.

घोडेगावच्या स्टँडवर अंजना उभी होती. ती निम्मी झाली होती. त्याला बघून तिनं पदर तोंडाला लावला.

“आधी घरी चला,” ती म्हणाली. “पाणी तापवून ठिवलंय.”

“पाच मिनिटं दुकान बघू दे. तुझ्या हातचं काम बघायचंय मला.”

“उद्या बघा की.”

“आत्ताच.” तो चालायलाही लागला. एवढ्या दिवसांत त्याच्या पायात असा जोर आला नव्हता. ती मुकाट मागनं आली.

दुकानाचं शटर खाली होतं. त्यानं कुलपावरनं हात फिरवला आणि मागं न बघताच तळवा पुढं केला. “किल्ली दे.”

अंजना रस्त्याकडं बघत राहिली.

“अंजना, किल्ली.”

“माझ्याकडं न्हाई.”

घरी विसरली असेल, असं म्हणून तो हसला. उन्हानं कपाळावर घाम डवरला होता. रुमालासाठी खिसे चाचपत त्यानं शेवटी पँटच्या चोरखिशातही हात घातला. ताप चढला त्या दिवशी हीच पँट त्याच्या अंगात होती. बोटांना काहीतरी टोचलं. त्यानं ते बाहेर काढलं. दुकानाची एकुलती एक किल्ली.