बाहेरच्या अंगाची जखम

"जखम आतून आहे का बाहेरून?" संघदीपनं विचारलं.

पुसदच्या आपल्या खोगिरांच्या दुकानात त्यानं घोड्याच्या पायात घालायच्या बुटांच्या तीन जोड्या मांडल्या होत्या. धरमसिंगनं मापाचा दोरा काढून दिला. घोडी तीन वर्षांची, नुकतीच पाठीवर माणूस घेऊ लागलेली. पुढच्या दोन्ही पायांच्या नळ्या सोलून निघाल्या होत्या. चालताना तिचेच पाय तिला लागतात, असं धरमसिंगचा मुलगा शाम सांगायचा. तोच तिला फिरवायचा. जखमा बाहेरच्या अंगाला आहेत, असं धरमसिंग म्हणाला.

संघदीपचा हात बुटावरच थांबला.

"काका, घोड्याले आपला खूर लागला त आतून लागते. बाहेरून लागते ते कोनी मारलेलं."

धरमसिंगनं बूट घेतलेच नाहीत.

तो तांड्यावर पोचला तेव्हा ऊन कलत होतं. शामनं घोडीला बाभळीला आखूड बांधलं होतं. आडव्या बांबूवरून जाताना ती पाय उचलत नाही म्हणून तो लोखंडी पाइपानं तिच्या पायांवर हाणत होता. एक पाय उचलला की दुसऱ्यावर फटका बसत होता. नळीवरचं कातडं लोंबत होतं. घोडीच्या तोंडाला लाल फेस आला होता.

धरमसिंगनं पाइप हिसकला आणि शामच्या नडगीवर घातला. हाड वाजलं. शाम कोसळला. दुसरा फटका खांद्यावर पडला, तिसरा पाठीवर. जन्मभर जनावरं पाळली, पण एकावरही हात न टाकलेला माणूस तो. आज त्याचा हात थांबेना.

सून बबिता धावत आली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता; पायरीवरून पडली, असं घरात सांगितलं होतं. नवऱ्याला वाचवायला आली, असंच धरमसिंगला वाटलं. बाजूला हो, म्हणून तो ओरडला. ती हलली नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासऱ्यापुढं तिनं कधी तोंडावरचा पदर सारला नव्हता. आज सारला.

"मामाजी, मी पायरीवरून पडली नव्हती."

पाइप त्याच्या हातातून सुटला. तिच्याकडं त्याला बघवेना.

शामला शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. धरमसिंग बबिताला घेऊन पोलीस ठाण्यात गेला. तिनं हात कसा मोडला ते सगळं सांगितलं. पोलीस बाईंनी लिहून घेतलं आणि साक्षीदार कोण, असं विचारलं. कोणी नाही, बबिता म्हणाली. घरात त्या वेळी कोणीच नव्हतं, असं तिनं सांगितलं.

धरमसिंग बाकावरून उठला.

"माझं नाव लिवा," तो म्हणाला. "त्या दुपारी मी ओसरीतच होतो. मले समदं ऐकू आलतं, तरी मी उठलो नाही."