बाबांच्या नावाचा दिवा

लेकीने काडेपेटी मुठीत घट्ट धरली आणि हात पाठीमागे नेला.

"दे इकडे," आई म्हणाली. "सूर्य मावळायला आला. योम किप्पूरचा उपास लागला की काडी ओढता यायची नाही."

"देते. आधी दिवा तिथून उचल."

दिवा म्हणजे जाड काचेचा पेला, आत काठोकाठ मेण. गेलेल्या माणसाच्या नावाने लावायचा, तो उद्या संध्याकाळपर्यंत जळणार. आईने तो लाकडी कपाटावर ठेवला होता, क्रोशाच्या रुमालावर, बाबांच्या फोटोला अगदी खेटून. मागे खिडकी. तिची झडप धड लागत नव्हती. वारा आला की पडद्याची कड पेल्यावरून फिरून जाई.

धाकटा भाऊ दारात कापडी बूट चढवत होता. "भांडायला आजचाच मुहूर्त सापडला का? माफी मागायचा दिवस आहे. निदान सिनेगॉगपर्यंत पोचू तरी द्या."

"तू गप रे," दोघी एकदम म्हणाल्या.

लेकीने आवाज खाली आणला. "आई, आपण तिघंही तिकडे. घर रिकामं. एकदा लावला की सण संपेपर्यंत विझवायचा नाही, जागचा हलवायचा नाही. आणि वरच्या मजल्यावर दोन तान्ही पोरं आहेत."

"तुझ्या बाबांच्या नावाच्या दिव्याने घर नाही जळत."

"पडद्याला नाव कळत नाही."

आईने डोक्याच्या रुमालाचं टोक ओढून फोटोची काच पुसली. ती स्वच्छच होती. "मग कुठे ठेवू? जमिनीवर?"

"सिंकमध्ये."

"मोरीत?" आई गरकन वळली. "जन्मात कधी कपबशी विसळायला तिकडे फिरकले नाहीत. आता कायमचं बसवतेस होय गं खरकट्यात?"

भाऊ फिस्सकन हसला. लेकीने हसू आवरलं.

"चहूकडून स्टील आहे," ती म्हणाली. "जवळ कापड नाही, कागद नाही. पेला तडकला तरी मेण तिथल्या तिथे राहील."

"मी नाही ठेवायची."

"बरं." लेकीने बूट काढले, खुर्ची ओढली आणि कपाटासमोर बसली. "लाव इथेच. तुम्ही दोघं जा. मी राखण करते."

"उद्यापर्यंत?"

"उद्यापर्यंत."

"त्यांच्यासाठीची प्रार्थना चुकेल तुझी. पहिलंच वर्ष आहे."

"चुकू दे."

आईने तिच्याकडे बघितलं. मग ती स्वयंपाकघरात गेली. भांडी उचलल्याचा आवाज आला, मग पाण्याचा, मग घासणीचा. बराच वेळ घासणीचा. लेक उठून दारापाशी गेली, तर आई घडीचा पांढरा पंचा मोडून सिंकचे कोपरे कोरडे करत होती.

तिने मागे न बघताच हात पुढे केला. लेकीने त्यावर काडेपेटी ठेवली, पेला आणला आणि सिंकमध्ये मधोमध ठेवला.

"नळाखाली नको." आईने पेला कडेला सरकवला आणि काडी ओढली. "ठिबकतो तो. उद्या बघतो, म्हणाले होते."